वर्तणूक : बरी

“हे ‘बरी’ म्हणजे काय?” खिडकीतल्या माणसानं विचारलं.

मी जाळीला कपाळ टेकवून उभी होते. मेडिकलच्या प्रवेशाचे अर्ज त्या खिडकीत घेत होते. मागे रांग होती आणि रांगेत मुलांपेक्षा बापच जास्त होते.

“बरी म्हणजे बरीच की. चांगली.”

“मग चांगली का नाही लिहिलं?”

त्यानं माझा कॉलेज सोडल्याचा दाखला माझ्याकडे वळवला. नाव, द्वारका तुळशीराम घोंगडे. खाली रकाने. वर्तणुकीच्या रकान्यात एकच शब्द होता. बारीक, तिरक्या, देखण्या अक्षरातला.

“हे बघ बाई,” त्यानं माझी सगळी गुणपत्रकं पत्त्यांसारखी ओळीनं मांडली. “दहावी अठ्ठावन्न टक्के. अकरावी काठावर. बारावी नापास, फिजिक्समध्ये. आणि पुन्हा बारावी, एकोणनव्वद. बुडखा वाळलेला नि शेंडा हिरवागार, असलं झाड मी बावीस वर्षांत पाहिलं नाही.”

“अभ्यास केला, साहेब.”

“केला असशील. पण एवढी उडी दिसली की आमचे साहेब आधी वर्तणुकीवर बोट ठेवतात. पोरानं कॉपी केली असा नुसता संशय असला की कॉलेजवाले तसं लिहीत नाहीत, भानगड होते. ते ‘बरी’ लिहितात. लिहिणाऱ्याला कळतं, वाचणाऱ्याला कळतं. मधल्या मधे तुझ्यासारख्याला कळत नाही.”

“मी कॉपी नाही केली.”

“मला सांगून काय उपयोग? दुरुस्ती करून आण. शेजारी सही आणि शिक्का. सोमवारी पाच वाजता खिडकी बंद.” त्यानं कागद परत सरकवले. “पुढचा.”

तो शुक्रवार होता.

एसटीत मला बसायला जागा मिळाली नाही, आणि बरंच झालं. बसले असते तर रडले असते. उभ्याउभ्या मला फक्त आठ दिवसांपूर्वीची दुपार दिसत होती.

त्या दुपारी आई माझ्याबरोबर दाखला आणायला आली होती. आमचं कॉलेज तालुक्याला, उपप्राचार्य वायाळ सर. फिजिक्सही तेच शिकवायचे. सर कुणाशी तरी हसत बोलत होते. बोलताबोलता त्यांनी गठ्ठ्यातून माझा दाखला ओढला, सही केली, शिक्का मारला आणि टेबलावरून सरकवला. आईला वाचता येत नव्हतं.

“काय लिव्हलंय गं?” ती पुटपुटली.

मी बोट ठेवून वाचत गेले. नाव, जन्मतारीख, वर्तणूक. “बरी,” मी म्हणाले.

आईचा चेहरा उजळला. आमच्या बोरगव्हाणात ‘पोरगी बरी आहे’ म्हणजे सोन्यासारखी आहे. तिथं आजारी माणूस बरा होतो, पाऊस बरा होतो, नशिबात असेल तर सून बरी मिळते. त्याहून वरचा शब्द आमच्याकडे कुणी वापरत नाही, दृष्ट लागते. आईनं डोक्यावर पदर घेतला, टेबलाला वळसा घातला आणि वाकून सरांच्या पायांना हात लावला.

“नापास झाली तरी माझ्या लेकराला बरी म्हणलाव, सर. देव तुमचं बरं करो.”

“असू द्या, असू द्या,” सर म्हणाले आणि पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

ज्या माणसानं मला नापास केलं, त्याच्याच पायांना तिनं हात लावला होता. सरांची शिकवणी घरी चालायची. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी शिकवणीतल्या मुलांना उद्या कुठला प्रयोग येणार आणि त्याची रीडिंगं काय येणार, ते सगळं कळायचं. मी शिकवणीला गेले नव्हते. माझ्या वाट्याला लोलक आला. त्याचा दोरा जुना होता, तिसऱ्या झोक्याला तुटला. सरांनी तीसपैकी सहा दिले. लेखीत चांगले मार्क होते, पण प्रॅक्टिकल गेलं की विषय गेला. दुसऱ्या वर्षी परीक्षक बाहेरगावचे आले आणि त्याच टेबलावर मी तीसपैकी सत्तावीस घेतले.

घरी पोहोचले तेव्हा आई अंगणात ज्वारी पाखडत होती. मी तिला खिडकीतल्या माणसाचं बोलणं सांगितलं.

“बरी म्हंजी वाईट?”

“कागदावर वाईट.”

सूप तिच्या हातात तसंच राहिलं. चिमण्या पुढ्यात उतरल्या, दाणे टिपायला लागल्या, तरी तिनं त्या हाकलल्या नाहीत.

“मी त्याच्या पाया पडले की गं,” ती म्हणाली.

एवढंच. मग ती पुन्हा पाखडायला लागली. पण त्या घडीला मला मेडिकल नको झालं, सोमवार नको झाला. मला वायाळ सर हवे होते. चार माणसांत, खाली मान घातलेले.

शनिवारी कॉलेजात गेले तर शिपाई म्हणाला, “सर रजेवर. उद्या लेकीचं लग्न आहे. मंगळवारी या.”

मी सरांच्या घरी गेले. दारात मांडव चढत होता. सर लेंगा-बनियनवर, हातात यादी घेऊन मांडववाल्यावर ओरडत होते.

“सर, दाखल्यात एक शब्द…”

“कोण? घोंगडे होय?” त्यांनी यादीतून डोकं वर काढलं नाही. “मंगळवारी.”

“सोमवारी शेवटची तारीख आहे, सर. एकच शब्द आहे. तुम्ही नुसतं बघा तरी.”

“तुला घाईच फार, बाई. तो लोलक असाच तोडलास घाईघाईनं.” आणि मांडववाल्याकडे बघून ते हसले. मांडववालाही हसला. त्याला काय कळलं होतं देव जाणे. “मंगळवारी म्हटलं ना. आज माझ्या हाताला वेळ आहे का?”

मी वळले. पायऱ्या उतरताना माझ्या ओठांवर आपोआप ठेका आला. जात्याला बसल्यावर येतो तसा. दळायला काही तरी सापडलं होतं.

सरांची लेक हेमलता आमच्याच गावच्या खंदाऱ्यांच्या घरात पडत होती. ती माझ्या वर्गातली. त्या पहिल्या बारावीच्या प्रॅक्टिकलात तिला तीसपैकी तीस होते. आणि वरपक्षाकडून रुखवताची गाणी म्हणायला खंदाऱ्यांनी माझ्या आईला बोलावलं होतं. पंचक्रोशीत कुणाचंही लग्न असो, रुखवत मांडलं की लोक विचारत, “अनसाबाई आली का?”

आमच्या भागात लग्न लागायच्या आधी मुलीकडचे रुखवत मांडतात, आणि ते बघता बघता वराकडच्या बाया गाण्यातून त्यांना टोचतात. लाडू लहान, करंजी पोकळ, व्याह्याच्या मिशा मांजराच्या. त्याचा राग धरायचा नाही अशी रीत. सहन होईना झालं की व्याह्यानं ताटात नारळ घेऊन गाणारणीसमोर यायचं आणि विचारायचं, ‘बाई, काय घेशील?’ ती मागेल ते द्यायचं. मग ती गप्प होते.

रविवारी सकाळी वऱ्हाडाच्या एसटीत मी आईच्या शेजारी बसले आणि तिच्या कानाशी लागले. रात्रीपासून जुळवलेलं सगळं म्हणून दाखवलं. ती ऐकत होती, आणि ऐकताऐकता तिची बोटं मांडीवर ठेका धरायची थांबली.

“हे टोचणं न्हाई, माय. हे भोसकणं झालं.”

“रुखवताच्या गाण्याचा राग कुणी धरत नाही. तूच सांगतेस.”

“लाडवाला नाव ठेवावं, मिशीला ठेवावं. कुणाच्या लेकीला तिच्याच मांडवात बरी म्हणायचं व्हय?”

“त्यानं तुझ्या लेकीला म्हटलंय.”

पुढच्या बाकावरून वरमाई, चंद्रभागाकाकू, मागे वळल्या. “काय गं मायलेकी कुजबुजताव? नवीन गाणं हाय का काय? चांगलं झणझणीत होऊ द्या. त्या मास्तरानं मानपानाच्या येळी लई शहाणपणा केलाय.”

“व्हईल की,” आई म्हणाली. मग माझ्याकडे न बघता हळूच, “मी माझी गाणी म्हणीन. त्यो नारळ घिऊन आला की मी हात जोडून शब्द मागून घीन. तू तोंड उघडू नको. आपल्याला शब्द पाहिजे, त्याची अब्रू न्हाई.”

मी मान हलवली. दाखला माझ्या पोलक्यात, चौघडी घालून ठेवला होता.

मांडवात रुखवत मांडलेलं होतं. मण्यांची बदकं, लोकरीचा ससा, साखरेचं तुळशीवृंदावन, पाच ताटांत लाडू. मुहूर्त साडेबाराचा. सरांनी हौसेनं गाणारणींसमोर माईक लावला होता. कडुनिंबावर कर्णा बांधलेला, म्हणजे मांडवातलं गाणं एसटी स्टँडापर्यंत ऐकू जाईल.

आईनं सुरुवात केली. तिचा आवाज पातळ होता, पण मधल्या बायांच्या आवाजातून तो सुईसारखा वर यायचा.

“रुखवताच्या ताटी बाई लाडू मोजून मोजून,
व्याही हसे दारामधी मिशा ताकात भिजवून.”

हशा पिकला. सर पण हसले. मिशीवरून हात फिरवून त्यांनी पाहुण्यांना दाखवलं की आपण किती दिलदार आहोत. आईनं करंज्यांवर म्हटलं, मांडवाच्या भोकांवर म्हटलं. सर हसतच होते. नारळ घेऊन यायचं नावच नाही. घड्याळात साडेअकरा झाले, पावणेबारा झाले. लग्न लागलं की रुखवत संपलं, आणि रुखवत संपलं की मागायचा हक्क संपला.

आई श्वास घ्यायला थांबली. मी माईक माझ्याकडे ओढला.

चार माणसांत मी कधी गायले नव्हते. माझा आवाज आईसारखा नाही, जाडा आहे. पण तो कर्ण्यातून बाहेर पडून वरून माझ्याच अंगावर आला तेव्हा मला तो ओळखू आला नाही, इतका तो गोड लागला.

“पुरण कसं झालं बाई?”

बायांना काय म्हणायचं ते माहीत नव्हतं. मीच म्हणाले, “बरं गं बाई, बरं!”

“मांडव कसा दिला बाई?”

दोघीतिघींनी उचललं, “बरा गं बाई, बरा!”

“व्याही कसा भेटला बाई?”

“बरा गं बाई, बरा!” आता सगळ्याच. टाळ्या सुरू झाल्या.

“व्याह्याची लेक कशी बाई?”

“बरी गं बाई, बरी!”

मांडव खदखदला. चंद्रभागाकाकू डोळ्यांतलं पाणी पुसत होत्या. हसता हसता त्यांनी शेजारणीला विचारलं, “आगं, पण खरंच नुसती बरीच हाय का काय?” ती शेजारीण हसली, पण जरा उशिरा. पाहुण्यांतल्या एकीनं दुसरीकडे बघितलं. सरांचं हसू ओठांवर होतं तसंच राहिलं, नुसतं त्यातला जीव गेला.

आईनं माझा दंड धरला. “बास, द्वारके.”

मला बास नव्हतं.

“शिकवणीला गेली तिला तिसामधी तीस,
नाही गेली तिच्या हाती सहाचं कणीस.
तीसवाली कशी बाई?”

कुणी म्हणालं नाही. टाळ्या थांबल्या. तालुक्याचं गाव ते, अर्ध्या मांडवाची मुलं सरांच्या शिकवणीला होती. मी एकटीनंच म्हटलं, माईकला तोंड लावून, शब्द न शब्द मोकळा करून.

“बरी गं बाई, बरी.”

सर नारळ घेऊन आले. ताटातला नारळ कडेला लागून टक-टक वाजत होता. त्यांनी आईसमोर यायचं, पण ते माझ्यासमोर उभे राहिले. मान खाली होती. मला हवे होते तसेच.

“काय घेशील?” त्यांनी विचारलं.

मी पोलक्यातून दाखला काढला, उलगडला आणि नारळाशेजारी ताटात ठेवला.

“ह्यातला एक शब्द बदलून द्या, सर.”

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. वाचलं. पुन्हा वाचलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे डोळे लावून बसले होते. लाज कशी येते ते मला सगळं बघायचं होतं, पहिल्या ठिपक्यापासून. पण तिथं दुसरंच काही आलं.

“मी असं लिहीत नाही,” ते म्हणाले. “मी सगळ्यांना ‘चांगली’च सांगतो. चारशे दाखले असतात. मी कुठे लिहीत बसू? मी नुसती सही करतो. लिहायला घरी…”

आणि ते थांबले. दाखला त्यांनी डोळ्यांजवळ नेला, त्या बारीक, तिरक्या, देखण्या अक्षराच्या अगदी जवळ.

“आत चल,” ते म्हणाले.

आतल्या खोलीत हेमलता पाटावर बसली होती. हळदीचं अंग, पिवळी साडी, मुंडावळ्या बांधून झालेल्या. सरांनी तिच्या मावश्यांना बाहेर काढलं. आई माझ्यामागोमाग आली आणि दाराशी उभी राहिली.

“हेमा, हे तू लिहिलंस?”

तिनं कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. “हो.”

“मी ‘चांगली’ सांगितलं होतं.”

“हो.”

“मग?”

“तिला विचारा,” हेमलता म्हणाली.

मी काय सांगणार? आम्ही दोन वर्षं एका वर्गात होतो आणि दहा वाक्यं बोललो नव्हतो.

“पहिल्या बारावीचा निकाल लागला त्या दिवशी,” ती माझ्याकडे बघत म्हणाली. आवाज अगदी हळू होता, बाहेर माणसं होती. “जिन्यापाशी पोरींच्या घोळक्यात काय म्हणालीस? ‘बापाच्या घरचीच गाय, पाहिजे तेवढं पिळावं.’ मी वरच्या पायरीवर होते. सगळ्या हसल्या. त्या दिवसापासून कॉलेजात माझं नाव गाय होतं. तुला माहीत होतं?”

मला माहीत नव्हतं. मी म्हणाले होते एवढंच आठवलं, तेही तेव्हाच.

“तेवढ्यासाठी तू माझं मेडिकल घालवणार होतीस?”

“माझं कधीच गेलं. लेखीत काठावर पडले मी.” तिनं मुंडावळ्या हातानं बाजूला केल्या. “आणि ते तीस. मी रीडिंगं स्वतः घेतली होती त्या दिवशी. बाबांनी सांगितलेली नाही, मी घेतलेली. चांगली आली होती. पण ते तीस माझे की बाबांचे, ते मला कधी कळलं नाही. आता कुणाला विचारू? तुझे सहा तरी तुला फेडता आले.”

मी सरांकडे वळले.

“शब्द तिनं लिहिला, सर. सहा कुणी लिहिले?”

त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं. “मुहूर्ताला पंचवीस मिनिटं आहेत,” ते म्हणाले आणि पेन लेकीच्या हातात दिलं.

हेमलतानं पाटावरच कागद ठेवला. ‘बरी’वर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, चांगली. त्याच देखण्या अक्षरात. तिच्या बोटाची हळद कागदाच्या कडेला उमटली. सरांनी शेजारी सही केली, कपाटातून शिक्का आणून मारला. शाई ओली होती. मी फुंकर घालत उभी राहिले. आई सरांच्या पाया पडली त्याचं काय, ते अजून कुणीच बोललं नव्हतं. पण आता ते कुणाकडून मागायचं तेही मला कळेना.

चंद्रभागाकाकू दारात आल्या. “अनसाबाई, मिटलं का तुमचं? चला बाहेर, वाखाणणी म्हणा. नवरीला बाहेर आणायचीय.”

त्यांचा आवाज सकाळसारखा नव्हता. हेमलताकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं, बाजारात बघतात तसं.

वाखाणणी म्हणजे शेवटचं गाणं. जिनं टोचलं, तिनंच नवरीला दोन ओळींत वाखाणायचं, म्हणजे टोचलेलं मांडवातच राहतं, नव्या घरात जात नाही. आईनं माझ्याकडे बघितलं.

“चल. तू टोचलंस, तूच काढ.”

“मला येत नाही.”

“मघाचं येत होतं ते?”

मी दाखल्याची घडी घालत राहिले. हेमलता उठली, माझ्याजवळ आली. हळदीचा, ओल्या केसांचा वास आला.

“दोन ओळी म्हण गं,” ती म्हणाली. “मनात नसलं तरी म्हण. मला त्या घरात राहायचंय.”

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. दोन ओळी जुळवणं मला काही अवघड नव्हतं. रात्रभर दहा जुळवल्या होत्या. दोन तर तिथं उभ्याउभ्याच मनात आल्या होत्या, चांगल्या होत्या. मी त्या गिळल्या.

“माझी एकची गाडी आहे,” मी म्हणाले.

गाडी एकचीच काय, तीनचीही होती, पाचचीही होती. खिडकी दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत उघडी होती. हे तिथं सगळ्यांना माहीत होतं.

मी मागच्या दारानं बाहेर पडले. आई आली नाही.

स्टँडावर रविवारची सामसूम होती. गाडी लागलेली होती, मी खिडकीपाशी बसले. छातीशी कागद होता, त्यावर माझा शब्द होता आणि अंग असं हलकं झालं होतं की दोन वर्षांत झालं नव्हतं. जे करायचं ठरवलं होतं त्याहून जास्त झालं होतं. मी मनात पुन्हा पुन्हा ती टक-टक ऐकत होते, ताटातल्या नारळाची.

मग कडुनिंबावरचा कर्णा खरखरला. आईचा आवाज आला. एकटीचा. मागे कुणी झेलत नव्हतं.

“माझ्या लेकीचा गं हात जशी गव्हाची लोंब,
जिथं टेकवील बोट तिथं फुटंल कोंब.
माझ्या लेकीचा गं हात, उशाशी ज्याच्या आला,
गेला म्हणता म्हणता उठून दारी उभा राहिला.”

रीतीप्रमाणं नवरीला ‘माझी लेक’ म्हणायचं असतं. पण आईच्या शेकडो गाण्यांतलं हे मी कधी ऐकलं नव्हतं. तिनं ते दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना बाकीच्या बायांनी उचललं, आधी एकीनं, मग चौघींनी, मग साऱ्या मांडवानं. कंडक्टरनं डबल बेल दिली.

सोमवारी सकाळी अकरालाच खिडकीतल्या माणसानं माझा अर्ज घेतला. “हा पिवळा डाग कसला?” म्हणाला. मी म्हटलं, हळदीचा. पंधरा दिवसांनी माझा नंबर लागला. हेमलता खंदाऱ्यांच्या घरात आली आणि राहिली. त्या घरात तिला कसं वागवलं ते मी गावात गेले तरी कधी विचारलं नाही. तिच्या दारावरून जायची वेळ आली की मी वरच्या आळीनं जायची.

मी डॉक्टर झाले. बारा वर्षांनी स्वतःचा दवाखाना उघडला त्या सकाळी आई आली होती. तिनं उंबऱ्याला कुंकू लावलं, गणपतीचं म्हटलं, देवीचं म्हटलं. माणसं पांगल्यावर मी तिला आतल्या खोलीत बसवलं. तपासायच्या टेबलावरची चादर अजून कोरी होती.

“आई, ते हाताचं म्हण ना. त्या लग्नात म्हटलेलं. उशाशी हात आला, ते.”

ती चादरीची सुरकुती काढायला लागली.

“ती ओवी तुझीच व्हती,” ती म्हणाली. “तू नापास झालीस ना, त्या सालीच जुळवली. तुझा नंबर लागला की दारात उभी करून म्हणावी म्हणून ठिवली व्हती. त्या दिवशी तू गेलीस निघून. ती पोरगी उभी, तिची सासू उभी, मांडव सारा उभा. माझ्यापाशी दुसरं एवढं चांगलं काई नव्हतं.”

“मग आता म्हण. आता तर खरी झाली.”

“दिली की गं मी तिला. समद्या गावानं उचलली. खंदाऱ्याच्या दारात आता बारशाला सुदिक म्हणतेत. ती आता तुला कशी म्हणू?”

“दुसरी जुळव मग.”

“बारा वर्सं तेच करायला बसते,” आई म्हणाली. “न्हाई जुळत.” आणि बाहेर कुणी पेशंट आला का ते बघायला उठली.